शेतातली बटणं आणि तल्लीथच्या पिशवीचं बटण



इंग्लंडमध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेतात हिंडणाऱ्यांना सोन्याचा हंडा सापडतो, तो वर्तमानपत्रात. प्रत्यक्षात सापडतात खिळे, शिशाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं आणि बटणं. त्यातही बटणं इतकी की नवा माणूस चक्रावतो. या उघड्या माळावर येऊन एवढ्या लोकांनी कोट काढले तरी कशाला?

आम्हालाही आधी तेच वाटलं. उत्तर मिळालं ते ज्यांच्या शेतात आम्ही जातो त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून. आम्ही केंट परगण्यात राहतो. इथे पूर्वी बीअरसाठी लागणाऱ्या हॉपच्या वेलींची मोठी लागवड होती. या वेलींना लोकरीच्या चिंध्यांचं खत घालत. लोकर मातीत सावकाश कुजते आणि पिकाला दोन-तीन हंगाम पोसते. यॉर्कशायरच्या गिरण्यांत जुन्या लोकरी कपड्यांचा पिंजून पुन्हा धागा काढत. त्यातून उरलेला चोथा आणि धाग्याच्या उपयोगाच्या नसलेल्या चिंध्या गाड्या भरभरून केंटच्या मळ्यांत येत. कापड कुजलं, बटण राहिलं. म्हणजे ज्याचं बटण आज हाताला लागतं, तो माणूस या शेतात कधी आलाही नसेल. त्याचा कोट तेवढा आला.

आता त्या चिंध्या गोळा कोण करत होतं? अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांतून जुने कपडे विकत घेत फिरणाऱ्यांत गरीब ज्यू फेरीवाले खूप होते. खांद्यावर पोतं, डोक्यावर एकावर एक चढवलेल्या टोप्या, असं त्यांचं चित्र त्या काळच्या पुस्तकांत दिसतं. आपल्या मुंबईची बोहारीण आठवा. ती जुन्या साड्या घेऊन भांडी द्यायची, हे पैसे द्यायचे, एवढाच फरक. चांगला कपडा पुन्हा विकला जाई, फाटका गिरणीला, अगदीच गेलेला शेताला. आमच्या हातातलं एखादं बटण अशा कुणा ज्यू फेरीवाल्याच्या पोत्यातून गेलं असेल, हा विचार मनात आला आणि या छंदाला आम्ही निवृत्तीतला विरंगुळा म्हणायचं सोडून दिलं.

आमच्यापैकी एकीनं मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि पुढची सगळी वर्षं वॉर्डात काढली. दुसऱ्याची नोकरी रेल्वेत झाली. दोघांनाही उभं राहायची, वाकायची आणि नोंदी ठेवायची सवय. निवृत्तीनंतर मुलीनं यंत्र भेट दिलं. "सोफ्यावर बसून एकमेकांशी भांडण्यापेक्षा बाहेर जा," हे तिचे शब्द. मग आम्ही बाहेर पडलो, पण आधी नियम शिकलो.

नियम असे. जमीन कुणाचीही असो, मालकाची परवानगी हवी, आणि ती लेखी असावी. काय सापडलं तर कुणाचं किती, हे आधीच ठरवावं. सरकारनं संरक्षित केलेल्या प्राचीन स्थळी खास परवान्याशिवाय यंत्र चालवणं हा १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तीनशे वर्षांपेक्षा जुनी सोन्याचांदीची वस्तू मिळाली तर १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. पितळेच्या एकट्या साध्या बटणाला हा कायदा लागत नाही. तरीही जुनी वस्तू आपखुशीनं नोंदवता येते. त्यासाठी १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची योजना चालू आहे. इंग्लंडमधला तिचा कारभार ब्रिटिश म्युझियम पाहतं. सामान्य लोकांनी आणून दाखवलेल्या दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद त्यात झाली आहे. जिल्ह्याजिल्ह्यात एक अधिकारी असतो. तो वस्तू पाहतो, मोजतो, फोटो काढतो आणि बहुतेक वेळा परत देतो.

आम्ही शनिवारी जात नाही. रविवारी सकाळी निघतो, कापणी झाल्यावर आणि नवी पेरणी व्हायच्या आधी, धसकटं उभी असताना. म्हणजे साधारण नव्याचा सण जवळ आला की आमचा हंगाम. बरोबर चहाचा थर्मास, अंड्याची सँडविचेस आणि कातडी हातमोजे. नर्सबाईंचा हुकूम असतो: धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असल्याशिवाय खतवलेल्या मातीत हात घालायचा नाही आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. नांगरानं उलथलेल्या वरच्या थरातच, वीतभर खोलीपर्यंत, आम्ही शोधतो. त्याच्या खाली जात नाही. खालचा न हललेला थर पुराणवस्तूवाल्यांचा. खड्डा केला तर बुजवायचा, हेही आलंच.

बटण वाचायचं कसं, हे शिकायला आम्हाला दोन वर्षं लागली. पहिला धडा असा की बटणाचं तोंड बघायच्या आधी पाठ बघावी. अठराव्या शतकातली बरीच बटणं चपटी असतात, एकाच तुकड्याची, मागे तारेची कडी. त्यांतलं टॉम्बॅक नावाचं रुपेरी बटण तांब्याजस्ताच्या मिश्रणाचं असतं. अडीचशे वर्षं मातीत राहूनही ते धुतलं की लख्ख दिसतं. पुढे मुलाम्याची बटणं आली. सोन्याच्या मुलाम्याच्या नावाखाली फसवाफसवी इतकी वाढली की १७९६ मध्ये पार्लमेंटला बटणांसाठी कायदा करावा लागला. त्या काळानंतरच्या बटणांच्या पाठीवर 'तिहेरी मुलामा', 'उत्तम दर्जा' असले शब्द इंग्रजीत गोल कोरलेले सापडतात. एकोणिसाव्या शतकात दोन पत्रे एकमेकांत दाबून केलेली फुगीर बटणं आली. बड्या घरच्या नोकरांच्या बटणांवर मालकाच्या घराण्याचं चिन्ह असे, पक्षी किंवा सिंहाचं डोकं. धन्याच्या नावाचं बटण नोकराच्या छातीवर.

आणि मग फौजेची बटणं. १७६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश फौजेत पलटणीचा नंबर बटणावर घालायचा हुकूम निघाला. साध्या शिपायांच्या बाबतीत ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. त्यानंतर सर्वांना राजचिन्हाचं एकच बटण मिळालं. म्हणून नंबरवालं बटण मिळालं की काळाचा अंदाज लगेच बांधता येतो. ही बटणं करणारे कारखानदार लंडनमध्ये होते आणि त्याहून अधिक बर्मिंगहॅममध्ये. वाफेच्या इंजिनासाठी ज्याचं नाव घेतलं जातं त्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो कारखान्यातही बटणं होत. कारखानदार आपलं नाव आणि पुष्कळदा पत्ताही बटणाच्या पाठीवर घाली. पत्ता बदलला की ठसा बदले. त्यामुळे पत्त्यावरूनही काळ ठरतो.

एका हिवाळ्यात पाऊस सारखा चालू होता आणि शेतात जाणं बंद होतं. आम्ही भिंगाखाली बटणं लावत बसलो होतो, तेव्हा घरातल्या एका बटणाची आठवण झाली.

आमच्याकडे आजोबांची तल्लीथची पिशवी आहे. निळ्या मखमलीची, कडा विरलेल्या. तिला नाडी नाही, पितळी बटण आहे. घरात सर्वांना पाठ असलेली गोष्ट अशी: पणजोबा मुंबईच्या तिसऱ्या पलटणीत होते आणि १८६७-६८ साली ॲबिसिनियाच्या मोहिमेवर जाऊन आले. त्यांचा लाल बनातीचा कोट पनवेलच्या घरी ट्रंकेत होता. साठच्या दशकात घरचे लोक इस्रायलला जायला निघाले. सामानाला वजनाची मर्यादा, ट्रंकेला कसर लागलेली. कोट बोहारणीकडे गेला आणि त्याच्या बदल्यात झाकणाचा एक स्टीलचा डबा आला. तो डबा अजून आहे. आजीनं देण्यापूर्वी कोटाचं एक बटण तोडून घेतलं आणि या पिशवीला लावलं.

आपल्यापैकी अनेक घरांत अशी गोष्ट असेल. कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या मुंबई फौजेत आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. आपल्या संख्येच्या मानानं फार मोठ्या प्रमाणात केली, सुभेदार मेजरपर्यंत चढले. मुंबईची पहिली मशीद, शाआर हारहमीम, १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे फौजेतलेच. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात फौजेतल्या कितीतरी बेने इस्राएल अंमलदारांचा उल्लेख आहे. तेव्हा पणजोबांच्या गोष्टीवर शंका घ्यायचं आमच्या मनातही नव्हतं. फक्त पाठ बघायची सवय लागली होती.

पिशवीवरचं बटण अलगद उलटं केलं. पाठीवर कारखानदाराचं नाव आणि बर्मिंगहॅम. तोंडावर रणशिंगाचं चित्र आणि आकडा, बोटांनी घासून घासून पुसट झालेला. इतकी वर्षं सगळे तो ३ वाचत आले. भिंगाखाली तो १०३ निघाला.

हिंदी फौजेची थोडी माहिती असलेल्याला यातली मेख लगेच कळेल. १९०३ मध्ये लॉर्ड किचनेरनं हिंदी पलटणींना नवे नंबर दिले. मुंबईच्या पायदळी पलटणींच्या जुन्या नंबरात शंभर मिळवले गेले. तिसरी होती ती १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि तिचं नाव पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेलं. म्हणजे १०३ आकड्याचं बटण १९०३ च्या आधीचं असूच शकत नाही. पणजोबा १८६८ साली ॲबिसिनियात असतील तर १९०३ मध्ये ते पेन्शन खात ओटीवर बसलेले असणार. मग हा कोट कुणाचा?

आम्ही इस्रायलला आत्याबाईंना फोन लावला. नव्वदी ओलांडलेली, कान जरा कमी, स्मरण पक्कं. आधी त्यांनी तीच ॲबिसिनियाची गोष्ट सांगितली. मग आम्ही आकडा सांगितला. फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना. शेवटी म्हणाल्या, "तो बाबांच्या थोरल्या भावाचा. बाप्पूंचा. आपल्या आजोबांच्याच पलटणीत लागले होते, बँडमध्ये. बसऱ्याला गेले ते आले नाहीत. आजी त्यांचं नाव काढू देत नसे. नाव काढलं की जेवायची नाही. म्हणून मग कोणी विचारलं की कोट म्हाताऱ्या आजोबांचा, असं सांगायची रीत पडली."

म्हणजे खोटं कुणी बोललं नव्हतं. एका आईचा घास घशाखाली उतरावा म्हणून घरानं एका माणसाचं नाव बाजूला ठेवलं. आई गेली, ठेवणारेही गेले, आणि नाव तिथेच राहिलं.

लाल कोट हा समारंभाचा पोशाख. लढाईवर शिपाई खाकी घालून जात, लाल कोट मागे राही. म्हणूनच तो ट्रंकेत होता. १०३ वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात लढली आणि कुतच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून ते लोक कोंडलेले होते. अन्न संपलं, रोगराई झाली. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि उरलेले कैद झाले. ब्रिटिश फौजेत बँडवाल्यांना लढाईच्या वेळी जखमींना डोलीतून उचलून आणायचं काम असे. हे वाचलं तेव्हा आमच्यातली नर्स काही वेळ गप्प बसली. घरात आजारी माणसांची उस्तवार करणारी आपणच पहिली, असं तिला आजवर वाटत होतं.

बसऱ्याला त्या मोहिमेतल्या ज्यांची कबर माहीत नाही अशांचं स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक लोकांचं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अंमलदारांची आहेत. साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे गेलेल्या माणसांची संख्या, एवढंच. १९९७ मध्ये ते स्मारकही उचलून वाळवंटात दूर नेऊन उभं केलं. तिथे बाप्पू असतील तर एका आकड्यातला एक म्हणून असतील. घरात नाव नाही, दगडावर नाव नाही. होतं ते एक बटण, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर.

ही हकीगत नात्यात पसरली तशी एका उत्साही भाच्यानं विचारलं, "मावशी, तुमचं यंत्र घेऊन नवगावला जाऊ या का? आपले पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले तिथे काहीतरी सापडेलच. एकदाचा पुरावा होईल." त्याचं मन आम्हाला कळतं. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना नवगावला पुरलं, ही आपली परंपरा. हातात घेता येईल असं काही मिळावं असं कुणाला वाटत नाही?

तरीही आम्ही नाही म्हटलं, आणि कारणं इथे लिहून ठेवतो. दुसराही कुणी विचारेल. पहिलं कारण, ते कबरस्तान आहे. मेलेल्या माणसाला त्रास देऊन जिवंतांची हौस भागवू नये, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दुसरं, कायदा. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवणं भाग आहे. इस्रायलमध्ये १९७८ चा पुरातन वस्तूंचा कायदा त्याहून कडक आहे. तिथे परवान्याशिवाय यंत्रानं पुरातन वस्तू शोधणंच बेकायदा. केंटच्या शेतात जे चालतं ते सगळीकडे चालत नाही. तिसरं कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. नांगरलेल्या शेतातलं बटण आधीच आपल्या जागेवरून हललेलं असतं. त्याला उचलल्यानं फारसं बिघडत नाही. न हललेल्या जमिनीतून एखादी वस्तू उपटली की ती कशाशेजारी होती, कुठल्या थरात होती, ही साक्षच पुसली जाते. पुरावा शोधायला जाऊन पुरावा मोडायचा. नवगावला खणायचं असेल तर ते शिकलेल्या लोकांनी, परवान्यानं आणि समाजाला विचारून खणावं. आपण तिथे जावं, टोपी घालावी, प्रार्थना म्हणावी.

भाचा हिरमुसला. त्याला दुसरं काम दिलं, आणि तेच तुम्हालाही सांगतो. आपली शोधायची जमीन घरात आहे. अश्दोद, लोद, दिमोना, लंडन, टोरंटो, ठाणे, कुठेही असा. शिवणाच्या डब्यात, बिस्किटांच्या टिनात, तल्लीथच्या पिशवीवर, जुन्या उशीच्या अभ्र्याला पितळी बटण असेल तर ते काढून बघा. पलटणीचं असेल, रेल्वेचं असेल, पोलिसांचं, गोदीचं, नर्सच्या गणवेशाचंही असेल. धोब्याकडे द्यायच्या आधी आम्ही जी रिंग काढून सोडवत असू ती बटणं आठवतात ना?

ते चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका. पुसट आकडा कायमचा जाईल. मऊ कोरड्या फडक्यानं पुसा, एवढं पुरे. तोंड आणि पाठ दोन्हींचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मोठं अक्षर दिसत नसेल तर टॉर्च बाजूनं तिरपा धरा. मग कागदावर लिहा: कुणाच्या घरात होतं, कुणी दिलं, त्याबद्दल काय सांगतात. सांगतात ते चूक वाटलं तरी जसंच्या तसं लिहा. आमची नर्सिंगची सिस्टर ट्यूटर म्हणायची, लिहिलं नाही तर केलं नाही. आकडा असेल तर आम्हाला कळवा, आम्ही तो लावून बघू. आणि घरात नव्वदीचं कुणी असेल तर बटण त्यांच्या हातात द्या, आकडा मोठ्यानं वाचा आणि थांबा. मध्ये बोलू नका.

आत्याबाईंनी गेल्या किप्पूरला त्यांच्या मशिदीत हश्काबा सांगताना यादीत एक नाव वाढवलं. हज्जाननं विचारलं, हे कोण, कधी वारले? त्या म्हणाल्या, "माझे काका. शंभर वर्षं झाली. वाचा तुम्ही."